गावच्या तळ्यात मुलांना पोहू द्यावं का? पाणी तपासणं, व्हाळ, शेवाळ, दोरी (गोवा)

तळ्याकाठी · ६ एप्रिल, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातलं एक जुनं तळं आहे, पंचायतीच्या देखरेखीखालचं. लांबी-रुंदी ४० बाय ३० मीटर, सरासरी खोली २ मीटर, मानशीपाशी (पाणी शेतात सोडायच्या फळ्यांच्या दारापाशी) साडेतीन. तीन बाजूंना चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) पायऱ्या. एका कोपऱ्यात बारमाही झर आहे आणि पावसात रस्त्याकडून एक व्हाळ (ओढा) येऊन मिळतो. वरच्या अंगाला २०-२२ घरं, सगळ्यांचे सेप्टिक टँक आणि सोकपिट (शोषखड्डे). मे महिन्याच्या सुट्टीत तळं मुलांना पोहायला मोकळं करावं, असा विषय ग्रामसभेत आलाय. अर्धी सभा म्हणते "आमचे आजे-पणजे इथेच पोहायला शिकले", आणि अर्धी म्हणते "रिपोर्ट आणा". रिपोर्ट म्हणजे नेमकं काय आणायचं? एकदा आणला की झालं का? आणि कुणीतरी ब्लीचिंग पावडरचं पोतं आणायच्या तयारीत आहे, त्याचं काय करायचं?

नमुनापेटी · ६ एप्रिल, रात्री १०:०२

प्रयोगशाळेला नुसतं "पाणी तपासून द्या" असं लिहून देऊ नका. ते पिण्याच्या पाण्याचा तक्ता लावतात आणि त्यात उघड्यावरचं कुठलंही तळं नापासच होतं. अर्जात "आंघोळीच्या पाण्याचे निकष" असं स्पष्ट लिहा. केंद्राच्या पर्यावरण नियमांत ते आहेत. १०० मिलिलिटरमागे फीकल कोलिफॉर्म (मैल्याची खूण मानलेले जंतू) ५०० एमपीएनपर्यंत (एमपीएन म्हणजे नळ्यांवरून काढलेली अंदाजे संख्या) असावेत, २५०० च्या वर कधीच जाऊ नयेत. फीकल स्ट्रेप्टोकोकाय (तसलाच दुसरा गट) १०० पर्यंत, कमाल ५००. पीएच ६.५ ते ८.५. विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिग्रॅ किंवा जास्त, बीओडी (घाण कुजवताना जंतूंना लागतो तो प्राणवायू) ३ किंवा कमी.

आता एक खाच, जी दहातल्या नऊ अर्जांत राहून जाते. पाच-पाच नळ्यांच्या नेहमीच्या पद्धतीत १०, १ आणि ०.१ मिली पाणी घालतात. सगळ्या नळ्या फसफसल्या की उत्तर येतं "१६०० पेक्षा जास्त". तुमची वरची मर्यादा २५००! म्हणजे तळं १७०० वर आहे की दोन लाखांवर, हे त्या कागदावरून कळत नाही. पैसे भरले आणि हाती काहीच नाही. म्हणून नमुना देतानाच सांगा की ०.०१ आणि ०.००१ मिलीपर्यंतचे डायल्यूशनही (पातळ केलेले नमुने) लावा.

नमुना घ्यायची रीत:

बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली घ्यायची, २५० मिलीची. बिसलेरीची धुतलेली चालत नाही. वेळ सकाळी ७ ते ९. दुपारच्या उन्हात वरच्या थरातले जंतू मरतात, त्यामुळे दुपारचा आकडा फसवा आणि गोड येतो. मुलं जिथे उतरणार तिथेच कंबरभर पाण्यात उभं राहायचं, गाळ खाली बसेपर्यंत दोन मिनिटं थांबायचं. झाकण पाण्याबाहेर उघडायचं, आतून बोट लावायचं नाही, खाली ठेवायचं नाही. बाटली तोंड खाली करून कोपरभर, म्हणजे साधारण ३० सेंमी, बुडवायची आणि तिथे आपल्यापासून दूर ढकलत आडवी फिरवून भरायची. वर बोटभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर तिथे पाणी हलवून घेता येत नाही. बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि गेल्या तीन दिवसांतला पाऊस लिहायचा. थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून ६ तासांच्या आत पोचवायची.

तीन ठिकाणचे नमुने घ्या: उतरायच्या पायरीवर, झरीच्या तोंडाशी, आणि व्हाळ मिळतो तिथे. झरीचा आकडाच मोठा आला, तर दोष तळ्यात नसून वरच्या जमिनीत आहे.

तळ्याकाठी · ७ एप्रिल, सकाळी ८:१५

आभारी आहे. आरोग्य केंद्रातून जंतू असले की काळी पडणारी बाटली मिळते, ती एच-टू-एसची. तिने काम भागेल का?

नमुनापेटी · ७ एप्रिल, सकाळी ८:४०

नाही. ती विहिरीच्या आणि नळाच्या पाण्यासाठी आहे. उत्तर फक्त "आहे" किंवा "नाही". तळ्याचं पाणी घातलं तर ती काळी होणारच, मग तळं चांगलं असो की वाईट. झरीच्या थेट तोंडाशी मात्र वापरून बघा. तिथे तीन आठवडे सलग काळी झाली नाही तर ती माहिती कामाची आहे.

आणि एका रिपोर्टने काही होत नाही. ३० दिवसांत पाच नमुने घ्या आणि त्यांचा भौमितिक मध्य काढा. समजा आकडे आले १००, २००, ४००, २०० आणि ३०००. साधी सरासरी ७८०, म्हणजे ५०० च्या वर. भौमितिक मध्य ३४४ च्या आसपास, म्हणजे आत. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पाचही आकडे गुणून पाचवं मूळ काढायचं, एवढंच. पण तो ३००० फेकून देऊ नका हं. त्या दिवशी काय झालं होतं, हे शोधणं हेच तर खरं काम.

सरळउपाय · ७ एप्रिल, दुपारी १:२०

एवढा व्याप कशाला? दर शनिवारी ब्लीचिंग पावडर टाका, रविवारी पोहा. विहिरीत टाकतातच की.

मानसकार · ७ एप्रिल, दुपारी २:०५

सरळउपाय बाब, हिशेब करून बघू. ४० × ३० × २ म्हणजे २४०० घनमीटर. लिटरला २ मिग्रॅ क्लोरीन हवं तर ४.८ किलो क्लोरीन, म्हणजे ३३ टक्क्यांची ताजी पावडर साडेचौदा किलो. गोव्याच्या दमट हवेत फोडलेलं पोतं महिनाभरात किती उतरतं ते सोडाच. पुढे काय होतं? हिरवट पाण्यातलं शेवाळ, कुजलेली पानं आणि तळाचा गाळ ते क्लोरीन आधी खाऊन टाकतात. जंतूंच्या वाट्याला फार थोडं येतं. जे उरतं ते ऊन दुपारपर्यंत संपवतं. उलट मासे मरायला लिटरला ०.१ मिग्रॅही पुरतं. रविवारी सकाळी मेलेले मासे वर, ते कुजून बीओडी वाढलेला, आणि सोमवारी झरीतून आणि व्हाळातून नवीन जंतू हजर.

विहिरीत चालतं, कारण तिथे पाणी कमी, अंधार आणि पाणी स्वच्छ. तळं म्हणजे मोठी विहीर नव्हे.

त्यापेक्षा झर किती पाणी देते ते मोजा. २० लिटरची बादली तोंडाशी धरा. १० सेकंदांत भरली तर सेकंदाला २ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे १७३ घनमीटर. तळं १४ दिवसांत एकदा बदलतं. हा आकडा कळला की रोज किती मुलं उतरू द्यायची ते ठरवता येतं. ढोबळमानाने माणशी रोज १० घनमीटर नवं पाणी धरा, म्हणजे १७-१८ मुलं. एप्रिलअखेर झर बारीक झाली की बादली परत लावायची आणि आकडा खाली आणायचा. दोनशे मुलांचं शिबिर या तळ्यात बसत नाही, रिपोर्ट कितीही छान असला तरी.

उतरण्याआधी साबण न लावता अंगावर चार तांबे पाणी घेणं सक्तीचं करा. माणसाच्या अंगावरचे जंतू सगळ्यात जास्त पहिल्या पंधरा मिनिटांत सुटतात. ते पाणी तळ्यात परत जाता कामा नये, माडाच्या आळ्याकडे वळवा.

व्हाळमार्ग · ७ एप्रिल, रात्री ९:३०

मला या धाग्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची आहे: तळं तपासण्याआधी त्याच्या वरची वाडी चालून बघा. आपला चिरा स्पंजासारखा आहे, आत पोकळ्या आणि नळ्या. वाळूच्या जमिनीत सोकपिटचं पाणी गाळलं जातं. चिऱ्यातल्या नळीतून ते जवळजवळ तसंच्या तसं पुढे जातं. विहिरीपासून अमुक मीटर अंतर ठेवा, असे नियम कागदावर ठीक, पण त्या अंतरात एक सलग पोकळी सापडली तर त्यांना अर्थ राहत नाही. पावसात भूजल वर चढलं की सोकपिट खालूनच भरतो आणि सगळं उताराला लागतं. म्हणून जुलैचा आणि एप्रिलचा रिपोर्ट एकाच तळ्याचा वाटत नाही.

कुठल्या बाजूने सांडपाणी येतं हे शोधायची स्वस्त युक्ती सांगतो. कपड्याच्या पावडरीत पांढरेपणा वाढवणारं चमकद्रव्य असतं, निसर्गात ते नसतं. कापसाचे मूठभर गोळे घ्या. आधी ते नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली, ३६५ नॅनोमीटरवाल्या, अंधारात बघा. निळे चमकले तर तो कापूस बाद. न चमकणारा गोळा डासांच्या जाळीच्या तुकड्यात बांधायचा, मासे पकडायच्या तंगुशीने दगडाला अडकवायचा आणि व्हाळात, गटाराच्या तोंडाशी, झरीत, प्रत्येक ठिकाणी एक सोडायचा. सात दिवसांनी काढून गाळ हलक्या हाताने धुवायचा, सावलीत नव्हे तर अंधारात सुकवायचा (उन्हात चमक मरते) आणि परत टॉर्च मारायची. निळसर पांढरा उजेड दिसला की त्या वाटेने घरातलं पाणी येतंय. पिवळट झाक आली तर ती पानांच्या अर्काची, तिला घाबरू नका. वाडीच्या वर, घरं नाहीत तिथे, एक गोळा तुलनेसाठी हवाच.

याचा दुसरा फायदा असा की आपल्या उष्ण मातीत काही कोलिफॉर्म आपोआप जगतात, त्यामुळे आकडा वाढला म्हणजे मैलाच असं नाही. गोठ्यातूनही येतात. आकडा मोठा आणि कापूसही चमकतोय, मग मात्र शंका नको.

सापडल्यावर काय? घरमालकाशी भांडून काही होत नाही. पावसाआधी, मे महिन्यात, पंचायतीने मैल्याचा टँकर एकदाच बोलावून सगळे टँक उपसून घ्यावेत, दर दोन-तीन वर्षांनी. गाळाने भरलेला टँक म्हणजे नुसती वाहती नळी. ज्यांचा सोकपिट तळ्याच्या उतारावर आहे त्यांचं पाणी पाईपने दुसऱ्या बाजूच्या उथळ, केळी-अळू लावलेल्या वाफ्यात वळवावं.

बाणावलीकर · ७ एप्रिल, रात्री १०:१०

पॅरिसने सेन नदी पोहण्यासाठी २०२५ च्या जुलैमध्ये खुली केली, १९२३ पासूनच्या बंदीनंतर. त्यासाठी ऑस्टरलित्झला पावसाचं पाणी साठवायला ५०,००० घनमीटरची भूमिगत टाकी बांधली. आणि आपण कापसाचे गोळे!

व्हाळमार्ग · ७ एप्रिल, रात्री १०:२५

हसा, हसा. तत्त्व तेच आहे हो: पहिलं घाण पाणी अडवा. आणि एवढं करूनही तिथे मोठ्या पावसानंतर लाल बावटा लागतोच.

तुमच्या रस्त्याकडच्या व्हाळाला हेच लावू. समजा १ हेक्टरचं पाणी येतं. पहिल्या १५ मिलिमीटर पावसात सगळी घाण असते: शेण, तेल, कोंबडीच्या दुकानामागची पिसं. १५ मिमी म्हणजे १५० घनमीटर, त्यातलं ७० टक्के वाहून येतं असं धरा, १०५ झाले. तेवढा, म्हणजे ७ × १० × १.५ मीटरचा गाळखड्डा व्हाळाच्या तोंडाशी खणा. भरला की पुढचं, त्या मानाने स्वच्छ पाणी वरच्या दगडी उंबऱ्यावरून तळ्यात जातं. खड्ड्याला बाजूने शेताकडे निकास ठेवा, नाहीतर दुसऱ्या पावसाला तो आधीच भरलेला असतो. डास होऊ नयेत म्हणून दोन पावसांच्या मध्ये तो रिकामा झाला पाहिजे. चूक होते ती अशी: खड्डा खणतात आणि पावसाळ्याआधी कोणी उपसत नाही. तिसऱ्या वर्षी तिथे अळू उगवलेलं असतं आणि पाणी सरळ तळ्यात.

हिरवीसाय · ८ एप्रिल, सकाळी ७:५०

शेवाळाचं बोलू. सगळं हिरवं सारखं नसतं. काठी बुडवून वर काढा. लांब तंतू लोंबले तर ते साधं शेवाळ, पाय घसरतील एवढंच. काठीवर रंगात बुडवल्यासारखा हिरवा लेप आला, पाण्यावर वाऱ्याच्या बाजूला सांडलेल्या ऑइलपेंटसारखी साय दिसली, तर तो नीलहरित जिवाणू असण्याची शक्यता मोठी. खात्रीसाठी काचेची बरणी दोनतृतीयांश भरून रात्रभर फ्रिजमध्ये हलवू न देता ठेवा (हातमोजे घालून, आणि बरणीवर लिहून, घरातलं कोणी सरबत समजून उचलेल). सकाळी हिरवा थर वर तरंगला तर तेच. खाली बसला तर दुसरं शेवाळ.

ती साय दिसली की तळं बंद, त्यात वाद नाही. काही जातींचं विष यकृतावर जातं आणि पाणी उकळून ते नाहीसं होत नाही. कुत्री, गुरं पाणी पितात, तीही दूर ठेवा. आणि कृपा करून मोरचूद टाकू नका. पेशी एकाच वेळी फुटतात, आतलं सगळं विष पाण्यात उतरतं आणि मागोमाग प्राणवायू संपून मासे मरतात.

मूळ कारण फॉस्फरस. पायऱ्यांवर कपडे धुणं, गुरं धुणं, चवथीचं निर्माल्य. पीओपीच्या मूर्तींवर गोव्यात बंदी आहेच, पण मातीच्या मूर्तीही शे-दीडशे झाल्या की गाळ होतो, आणि माटोळीची (गणपतीवर बांधतात ती) फळं-पानं कुजली की बीओडी भडकतो. व्हाळाच्या बाजूला जाळी लावून एक कोपरा विसर्जनाला वेगळा करा, दुसऱ्या दिवशी सगळं बाहेर काढा. जलपर्णी किंवा साल्विनिया काढलीत तर काठावर ढीग लावू नका. तिचा रस ओघळून परत तळ्यातच येतो. निदान १० मीटर दूर, उताराच्या पलीकडे.

मानसकार · ८ एप्रिल, सकाळी ९:३०

याला जोडून. पूर्वी वायंगणासाठी (पावसाळ्यानंतरच्या भातपिकासाठी) तळ्याचं पाणी मानशीने शेतात सोडत, तळ उघडा पडे, गाळ बागायतीत जाई. फॉस्फरस गाळात साठतो, म्हणजे ते आपोआप तळ्याचं औषध होतं. वायंगण बंद पडलं, मानस गंजली, गाळ तिथेच. पोहण्यासाठी तळं सुधारायचं तर पैशाचं पहिलं काम मानशीच्या फळ्या बदलणं. फळी खालची आधी काढता आली पाहिजे, कारण कुजकं पाणी तळाशी असतं. वरची फळी काढून वाहवलं तर चांगलं पाणी जातं आणि घाण राहते. मासळी आणि कासवं असतील तर हळूहळू, रोज हातभरापेक्षा कमी उतरवा, एका बाजूला डबकं राखून.

तापमापी · ८ एप्रिल, दुपारी १२:००

आरोग्याच्या दोन गोष्टी कोलिफॉर्मच्या रिपोर्टात दिसत नाहीत.

पहिली लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा जंतू). उंदराच्या मुतातून, ओल्या मातीत आठवडे टिकतो, पायावरच्या चिरेतून शिरतो. पावसात आणि पावसानंतर धोका जास्त. पायरीच्या फटीतली उंदरांची बिळं दगड-चुन्याने बुजवा, काठावर उष्टं टाकू देऊ नका. जखम असलेल्या मुलाला उतरवू नका. पोहल्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना "तळ्यात पोहलो होतो" हे वाक्य आवर्जून सांगायचं. तेवढ्याने निदानाची दिशा बदलते. गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

दुसरी नेग्लेरिया, ज्याला बातम्यांत मेंदू खाणारा अमीबा म्हणतात. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबिक मेंदूज्वराच्या रुग्णांमुळे तळी चर्चेत आली. हा आजार फार दुर्मीळ, पण झाला तर बहुतेकदा जीवघेणा. पाणी पिऊन होत नाही. नाकात जोराने पाणी गेलं तरच होतो. गरम, उथळ, ढवळलेल्या गाळाचं पाणी त्याला मानवतं, म्हणजे नेमका मे महिना आणि उतरलेली पातळी. म्हणून सूर मारणं आणि पाण्याखाली नाकातून फुगे काढायच्या स्पर्धा बंद, नाकाला क्लिप, आणि मुलांना काठच्या चिखलात खेळू द्यायचं नाही. पोहल्यावर दोन आठवड्यांत जोराची डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणं दिसलं तर त्याच तासाला मोठं इस्पितळ.

दोरीवाला · ८ एप्रिल, रात्री ८:४५

जंतूंवर इतकं बोलून झालं, पण मुलं मरतात ती बुडून. म्हणून रिपोर्टाच्या आधी माझी यादी.

पाणी किती नितळ आहे ते मोजा. २० सेंमीची पत्र्याची ताटली, पांढऱ्या-काळ्या चार पाकळ्या रंगवलेली, खाली वजन, दर १० सेंमीवर गाठ मारलेली न ताणणारी दोरी. सावलीच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी झाली ती खोली आणि वर घेताना परत दिसली ती खोली, दोन्हींचा मध्य. १.२ मीटरपेक्षा कमी आला तर मुलांना उतरवू नका. तळाशी गेलेलं मूल वरून दिसत नाही, आणि शोधायला मिनिटंच असतात.

कंबरेएवढ्या खोलीवर दोरी ताणा, दर मीटरला रिकामा बंद कॅन. मानशीपासून ५ मीटर पूर्ण मनाई, कारण फळी उघडी असताना ओढ पाय धरून ठेवते. पायऱ्यांवरचं शेवाळ वायरब्रशने दर आठवड्याला. काठावर दोन ठिकाणी २० मीटर दोरीला बांधलेला ५ लिटरचा कॅन, आत पेलाभर पाणी म्हणजे फेकताना जातो. एक लांब बांबू. नियम एकच: आधी बांबू, मग कॅन, पाण्यात उडी शेवटी. नाहीतर एकाऐवजी दोन जातात. दर १० मुलांमागे एक पोहणारा मोठा माणूस, मोबाईल खिशात नव्हे, घरी.

बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं धरून गरगर फिरवू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने ५ श्वास, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, १०८ येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीवर आला तरी इस्पितळात न्यायचंच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

तळ्यात रोषणाई किंवा पाण्याचा पंप असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), आणि पोहताना मेन स्विचच बंद.

झरीवरची · ८ एप्रिल, रात्री ९:२०

आणि चिरेखाणी? मुलांना तळ्यात मनाई केली की ती तिकडे जातात.

दोरीवाला · ८ एप्रिल, रात्री ९:३५

झरीवरची बाय, तिथे सुरक्षित करायला काही नाही. यंत्राने कापलेल्या उभ्या भिंती, हाताला पकड नाही, वरचं पाणी कोमट आणि खाली एकदम गार, तळाला चिऱ्यांचे तुकडे. एका बाजूला उतार भरून काढला नाही तोवर कुंपण आणि फलक. धबधबे आणि खाणींवर दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो, आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाखाली. फलकावर तो क्रमांक लिहिला की पोलिसांनाही सोपं जातं. कुंभारजुवे कालव्याच्या बाजूचं कोणी असेल तर मगरी विसरू नका, तिथली खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली) पोय, म्हणजे पाणी साठलेला चर, पोहायची जागा नाही.

तळ्याकाठी · ९ एप्रिल, सकाळी ७:३०

देव बरें करूं सगळ्यांचं. एक शेवटचं: रिपोर्ट यायला किती दिवस? आणि मधे वळीव पडला तर?

नमुनापेटी · ९ एप्रिल, सकाळी ८:०५

नळ्या पहिल्यांदा ४८ तासांपर्यंत ठेवतात, मग खात्रीसाठी ४४.५ अंशांवर आणखी २४ तास. म्हणजे तीन-चार दिवस. शुक्रवारी नमुना घेतात का, ते आधी विचारा. रिपोर्ट हातात येतो तो गेल्या आठवड्यातल्या पाण्याचा. रोजचा निर्णय त्यावर नाही, पावसावर घ्यायचा. १० मिमीच्या वर पडला तर दोन दिवस बंद, २५ च्या वर तर तीन. सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा आणि मोजपट्टी पुरे.

तळ्याकाठी · ९ एप्रिल, सकाळी ८:२०

डबा ठेवायचा कुणाकडे?

मानसकार · ९ एप्रिल, सकाळी ८:३२

जो रोज सकाळी मानस बघायला जातो त्याच्याकडे. फक्त माडाखाली किंवा वळचणीखाली ठेवू नका म्हणावं, आणि वाचून झाल्यावर रिकामा करून उपडा नव्हे, सुलटा ठेवावा.